सेन्सरच्या वायरवर दिसणारे व्होल्ट नेमके कुठून येतात?

टेस्ट लॅम्प आधी बाजूला ठेवा; ईसीएमच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) बारीक सर्किटवर बल्बचा भार टाकायचा नाही. डिजिटल मल्टिमीटर घ्या, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा.

तीन वायरचा थ्रॉटल किंवा मॅप (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) सेन्सर असेल तर प्लग काढा, इग्निशन चालू ठेवा, इंजिन बंद. एका पिनवर ५ व्होल्ट मिळायला हवेत. हा रिफरन्स, म्हणजे ईसीएमने सेन्सरला दिलेला ठराविक व्होल्टेज. प्लग परत बसवून सिग्नल प्लगच्या मागून, वायरीपाशी प्रोब लावून तपासा. थ्रॉटल सेन्सरवर: थ्रॉटल बंद असताना साधारण ०.५, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास, मधे झटका न खाता. रिफरन्सच नाही? लगेच ईसीएमला दोष देऊ नका. ही लाइन बहुतेक वेळा अनेक सेन्सरमध्ये वाटलेली असते, त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे बसतात. मीटर लावून ठेवा आणि एकेक प्लग काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ परत येतील, तोच चोर.

दोन वायरच्या कूलंट सेन्सरपाशी खरी फसगत होते. इथले ५ व्होल्ट ईसीएममधल्या रेझिस्टरमधून येतात. प्लग काढल्यावर ५ दिसले म्हणून वायर ठीक, असं नाही. मीटर इतका कमी करंट ओढतो की गंजलेल्या वायरमधूनही आकडा पूर्ण दिसतो. सोलापूरच्या उन्हात कनेक्टरचं रबर कडक होतं आणि वॉशिंगचं पाणी आत शिरतं, तेव्हा गंज इथे नेहमीचाच. म्हणून काढलेल्या प्लगच्या दोन पिना जोडा (फक्त याच सेन्सरवर, तीन वायरच्यावर कधीच नाही). स्कॅनरवर (ईसीएमचे आकडे दाखवणारं यंत्र) तापमान एकदम वरच्या टोकाला जायला हवं. मधेच अडकलं, तर वायरीत रोध आहे.

या कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स मोजताना २० अंशांचा २.५ किलोओहम हा आकडा धरून बसू नका. इथे मे महिन्यात सावलीतल्या थंड इंजिनचं तापमानही ३० असू शकतं. तेव्हा असा सेन्सर १.७ किलोओहमच्या आसपास दाखवतो.

इंडक्टिव्ह (कॉइल आणि चुंबकाचा) क्रँक सेन्सर स्वतःच एसी, म्हणजे दिशा बदलणारा करंट, तयार करतो, म्हणून मीटर एसीवर ठेवून स्टार्टर मारा. डीसीवर जवळपास शून्य दिसेल आणि चांगला सेन्सर उगाच बदलला जाईल. हॉल सेन्सर मात्र ईसीएमने दिलेली सिग्नल लाइन अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या बाजूला) ओढतो आणि सोडतो. इंजिन पाना लावून हळू फिरवलं की ० आणि ५ असे आळीपाळीने दिसतात. काही गाड्यांत ५ ऐवजी १२.

शेवटी अर्थ. इंजिन चालू, हेडलाइट आणि केबिनचा एसी चालू. लाल प्रोब सेन्सरच्या अर्थ पिनवर. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर त्या अर्थवरचे सिग्नल वर सरकतात. अर्थ वायरच्या बोल्टखालचा रंग-गंज घासून काढा, पुन्हा मोजा.