गंजलेली ब्रेक लाइन बदलायची कशी

ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, डबीतलं ब्रेक ऑइल कमी होतंय, पण चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसत नाही. असं झालं की गाडीखाली शिरून चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या लोखंडी नळ्या, म्हणजे ब्रेक लाइन, बघायच्या. गळती सापडली तर गाडी तिथेच उभी ठेवायची. गॅरेजपर्यंत हळू चालवत नेतो, हा विचारही नको. न्यायचीच असेल तर टो करून न्या.

गंज सगळ्यात जास्त दडतो तो क्लिपांखाली, कारण चिखल आणि ओल तिथे अडकून राहते. मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास आणि पेट्रोलच्या टाकीच्या वर जाणारी नळीही अशीच कुजते. क्लिप उघडून तारेच्या ब्रशने घासून पाहा. तांबूस थर निघून खाली गुळगुळीत पोलाद आलं तर नळी अजून वाचलेली आहे. खपल्या निघाल्या किंवा नखाला खड्डे लागले तर ती गेली. कधीकधी ब्रश मारतानाच नळी फुटते. रस्त्यावर फुटण्यापेक्षा इथे फुटली ते बरं.

खड्डे पडलेल्या नळीवर सोल्डर, एपॉक्सी किंवा रबरी पाइप आणि क्लॅम्प असले उपाय करू नका. नेहमीच्या ४.७५ मिमी नळीची भिंत जेमतेम ०.७ मिमी असते. टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, तर ब्रेक कचकन दाबला की या नळीत १०० बारच्या आसपास दाब जाऊ शकतो. माझ्या मते मूळ जोडापासून मूळ जोडापर्यंत अख्खी नळी बदलावी. मधला तुकडा बदलायचाच असेल तर दोन्ही बाजूंना चांगलं पोलाद लागेपर्यंत मागे जा आणि फ्लेअर केलेल्या (साच्यात दाबून फुगवलेल्या) टोकांचा युनियन, म्हणजे दोन नळ्या जोडणारा जोडच वापरा. पण एक जागा कुजली असेल तर त्याच वयाची बाकीची नळीही फार मागे नसते.

नवी नळी तांबे-निकेलची घ्या. ती गंजत नाही, हाताने वाकते आणि तिचं फ्लेअर पोलादापेक्षा सोपं होतं. निव्वळ तांब्याची नळी नको, सततच्या थरथरीने ती कडक होऊन तडकते. नट जुन्याशी ताडून घ्या. ३/८ इंची नट एम१० च्या (१० मिमी मेट्रिक आट्यांच्या) भोकात जातो, फिरतोही, पण ढिला बसतो आणि दाबाखाली आटे सोडतो. नट हाताने सहज, न डुगडुगता फिरला पाहिजे.

आता गाडी सपाट जागेवर जॅकने उचलून स्टँडवर ठेवा आणि जमिनीवरच्या चाकांना उटी (पाचर) लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. चष्मा घाला. पेडल इंचभर दाबून काठीने अडकवून ठेवलं तर मास्टर सिलिंडरमधली (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागातली) वाट बंद होते आणि डबीतलं ऑइल वाहून जात नाही.

जुने नट सोडवणं हे या कामातलं सगळ्यात वैतागाचं प्रकरण. आदल्या रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेवा. साधा फिक्स पाना लावू नका, नटाच्या कडा लगेच गोल होतात. फ्लेअर नटाचा पाना घ्या. रिंग पान्याला नळीपुरती फट ठेवलेली असावी तसा तो दिसतो. एकदम जोर न लावता थोडं सैल, थोडं घट्ट असं मागेपुढे करत राहा. नटाबरोबर नळीही पिळायला लागली तर थांबून नळी नटाला लागून कापा आणि सहा कोनी सॉकेट चढवा. नळी तशीही जाणारच आहे. रबरी होजच्या जोडावर होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर होजच पिळते. उघडी टोकं लगेच रबरी टोपीने बंद करा.

जुनी नळी शक्यतो अखंड काढा, तोच नमुना. तिच्यावरून सुतळी फिरवून लांबी घ्या आणि फ्लेअरसाठी थोडी जास्त धरा. कापायला पाइप कटर वापरा. करवतीने तोंड तिरकं होतं आणि कीस आत जातो. आतली-बाहेरची धार काढा, नळी फुंकून साफ करा आणि मग आधी नट चढवा. हे मुद्दाम सांगतोय. माझं पहिलं बिनचूक फ्लेअर झालं तेव्हा नट शेजारी टेबलावर पडला होता.

फ्लेअर जुन्या टोकासारखंच हवं. नरसाळ्यासारखं टोक म्हणजे डबल फ्लेअर, बटणासारखं फुगीर म्हणजे बबल. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आणि एकेरी फ्लेअर तर ब्रेकला नकोच. नळी साच्यात घट्ट धरा, पहिल्या डायने टोक फुगवा. डबल हवं असेल तर मग शंकूने ते आत दुमडा. नीट झालेलं फ्लेअर मध्यभागी आणि गुळगुळीत दिसतं. कडेला केसाएवढी चीर दिसली तरी कापून परत करा.

नळी जुन्या मार्गानेच बसवा. सायलेन्सरपासून लांब, कुठे घासणार नाही अशी, आणि प्रत्येक क्लिपमध्ये. दोन्ही नट आधी बोटांनी फिरवा, मग पान्याने आवळा. नेमका टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. एम१० नटाला तो बहुधा १२ ते १८ न्यूटन-मीटर असतो.

मग पेडलची काठी काढून नळ्यांत शिरलेली हवा काढायला घ्या. डबीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच, नव्या बाटलीतलं ऑइल घाला. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारच्या ऑइलच्या गाडीत डॉट ५ घालू नका. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच चालू ठेवा, पण मध्ये डबी रिकामी होऊ देऊ नका. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरची सीलं आजवर न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतात. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत ती स्कॅन टूलशिवाय (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राशिवाय) निघत नाही.

इंजिन चालू करून पेडल जोरात मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जाता कामा नये. तेवढ्यात दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून पाहायचा. पहिली चक्कर रिकाम्या जागेत, चालण्याच्या वेगाने मारा. नंतर आठवडाभर रोज सकाळी डबीतली पातळी आणि नवे जोड पाहत जा.