पुरानंतर वाकळा विकून पोरांची फी कशी भरायची

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, इकडे पंचगंगेनं आमच्या शिरोळ तालुक्यातली गावं वेढली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा घर सावरता सावरता पोरांची फी मागं पडली आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी ती वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, शिवून भरली. पूर पुन्हा येणारच. त्या वर्षी एकाही पोरीचं कॉलेज सुटू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

सुईत दोरा ओवायच्या आधी एक कागद घ्या आणि खर्च मांडा. आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळेत फुकट मिळतात, वाहून गेली असतील तर मुख्याध्यापकांकडं मागा. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या बऱ्याच घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ आहे. तुमच्या मुलीचा अभ्यासक्रम आणि प्रवर्ग त्यात बसतो का ते कॉलेजात विचारा. पूरग्रस्तांना परीक्षा फी माफ झालीय का, तेही विचारा. गुणपत्रिका भिजून गेली असेल तर दुसरी प्रत कोल्हापूरच्या विभागीय मंडळातून काढता येते. एवढं वजा करून जो खड्डा उरतो तोच वाकळेतून भरायचा. तो बहुतेक नववीच्या पुढं असतो: पुस्तकं, खोलीभाडं, मेस, आयटीआयचं साहित्य.

आता कापड. पंचनामा होईपर्यंत भिजलेलं काही टाकू नका. पुराचा चिखल लागलेली साडी आधी सावलीत वाळवा, चिखल झटकून काढा, मग गार पाण्यात खळबळून घ्या. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर डाग धरतो. गार पाणी स्वच्छ निघायला लागलं की साबणाच्या गरम पाण्यात भिजवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. त्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात, म्हणून इथं कंटाळा नको. काळी बुरशी धरलेलं कापड आतल्या थरातसुद्धा घालू नका, पहिल्या पावसात वास सुटतो. मदतीच्या ट्रकमधून जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि समाजमंदिरात पडून राहतात. ग्रामपंचायतीला विचारून त्यातलं सुती तेवढं निवडा. नायलॉन, जॉर्जेट बाजूला ठेवा. सुई सरकते, टाका बसत नाही. मऊ झालेलं नऊवारी लुगडं सापडलं तर ते वरच्या थराला.

थर अंगणात पसरून चारी बाजूंनी ताणा, सुरकुती राहू देऊ नका, मोठे कच्चे टाके घाला. मग कडेपासून सुरू करून धावदोऱ्यानं आत आत, मध्यापर्यंत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. शहरातलं गिऱ्हाईक वाकळ हातात घेतलं की आधी उलटी करून बघतं. मागचे टाके एका लांबीचे असले, गाठी थरात दडवलेल्या असल्या, तर भाव करायला तोंड उघडत नाही. आमच्यातली एक आजी तयार वाकळेवरून तळहात फिरवून गाठ शोधायची आणि सापडली की तेवढी ओळ उसवायला लावायची. तुमच्या गटातही अशी एक बाई नेमा आणि तिचा शब्द शेवटचा माना.

भाव ठरवताना बायका सगळ्यात जास्त घाबरतात. तुमच्या गावात भांगलणीची, म्हणजे शेतातलं तण काढायची, मजुरी तासाला किती पडते ते काढा आणि त्याच्या खाली जाऊ नका. समजा 5 बाय 7 फुटांच्या वाकळेला 70 तास लागले आणि तासाला 50 रुपये धरले, तर मजुरीच 3,500 झाली. दोरा, अस्तर, धुणं यांचे 300, पार्सल आणि स्टॉलचे 400. म्हणजे 4,200. "जुन्या साड्यांचे एवढे?" असं कुणी म्हटलं तर वाकळ उलटी करून दाखवा, तास सांगा, गप्प बसा. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी बाळाचं दुपटं ठेवा. ते लवकर होतं आणि बारा महिने खपतं. उरलेल्या तुकड्यांची पूजेला बसायची आसनं शिवा. नृसिंहवाडीला पौर्णिमेला भाविकांची रीघ असते, तिथं आसनं चांगली जातात.

मोठ्या वाकळांचा हंगाम दिवाळी ते संक्रांत. पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन इथं जायचं असेल तर बचत गटाच्या नावानं पंचायत समितीतल्या उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, कक्षात आधीच सांगून ठेवा. हस्तकलेच्या कारागिरांना केंद्र सरकारचं ओळखपत्र मिळतं, त्याचाही अर्ज करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना सकाळच्या उजेडात काढा: एक पूर्ण वाकळेचा, एक मागच्या टाक्यांचा. माप, वजन, धुवायची रीत लिहा. कापड जुनं आहे हे स्पष्ट लिहा.

आणि पोरांचे फोटो टाकू नका. पुराच्या पाण्यात उभं राहिलेलं लेकरू दाखवून एकदा पैसे येतील, पण ते लेकरू उद्या कॉलेजात जाणार आहे, तिथं कुणीतरी तो फोटो काढून दाखवेल. "पूरग्रस्त भागातल्या महिलांनी शिवलेली" एवढी ओळ पुष्कळ झाली. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक परत येतं ते टाक्यांसाठी.

पैसा घरात आणू नका. घरात आला की खताला जातो, पाहुण्यांना जातो, आणि सासू किंवा नवऱ्यानं मागितल्यावर नाही म्हणणं जड जातं. गटाच्या खात्यावर घ्या, दर वाकळेमागं कुणाचे किती हे वहीत लिहा, आणि फी तिथूनच थेट शाळा-कॉलेजला भरून पावती वहीत चिकटवा. मोठा खर्च जूनला येतो, म्हणून हिवाळ्यात आलेल्यातले थोडे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाका. महिना 100 रुपयांपासून सुरू होते.

जुलै लागायच्या आत शिलकी माल प्लास्टिकच्या झाकणाच्या पिंपात भरून उंचावरच्या घरी हलवा. पोरांचे दाखले, गुणपत्रिका आणि ती वही त्याच पिंपात, वेगळ्या पिशवीत, सगळ्यात वर.