पोलिश कवितेतलं शरीर वाचायचं असेल तर

सुरुवात गुडघ्यांपासून करा. पोलिश कवयित्री आना श्विर्श्चिन्स्काच्या एका कवितेत आत्मा आणि शरीर समुद्रकिनारी आहेत. आत्मा तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाचतोय. तो विचारतो, आपल्याला एकत्र बांधलं कुणी? शरीर म्हणतं, गुडघे उन्हाला धरायची वेळ झाली. आत्मा पुन्हा विचारतो, मरण आधी कुठे सुरू होईल, तुझ्यात की माझ्यात? यावर शरीर फक्त हसतं. लगेच ‘देह नश्वर’ वगैरे मनात आणू नका. आधी तुम्हीही हसून घ्या.

मग तिचीच शर्ट धुण्याची कविता मोठ्याने वाचा. वडील गेलेत, मुलगी त्यांचा शर्ट शेवटचा धुते आहे. शर्टाला घामाचा वास आहे, जगात एकाच शरीराचा असलेला. धुतला की तोही जाणार. मागे उरणार ती चित्रं, आणि त्यांना वास तैलरंगांचा. (वडील चित्रकार होते.) पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघ मारा, दुःख कुठे ठेवलंय ते दिसेल. माझी सगळी नोकरी वॉर्डात सिस्टर म्हणून गेली, त्यामुळे माझा हिच्याकडे ओढा आहेच. नाझी जर्मनांविरुद्धच्या १९४४च्या वॉर्सा उठावात हिनेही जखमींची शुश्रूषा केली होती. इंग्रजी अनुवाद खुद्द नोबेलविजेता पोलिश कवी चेस्वाव मिवोशने (लेनर्ड नेथनच्या साथीने) केलेत, ते घ्या.

कवयित्री विस्वावा शिम्बोर्स्काची छळावरची कविता केस पेपरसारखी वाचा: कातडी पातळ, लगेच खाली रक्त, हाडं मोडण्याजोगी, सांधे ताणण्याजोगे. प्रत्येक कडव्याच्या तोंडी तेच, काहीही बदललेलं नाही. घाई करू नका, तो कंटाळवाणा ठेका मुद्दाम आहे.

कवी तादेउश रुझेविचची ‘वेणी’ (१९४८) मात्र यांच्याबरोबर एका बैठकीत नको. ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या संग्रहालयात, पेट्यांमध्ये, गुदमरवून मारलेल्या बायकांचे कोरडे केस. त्यांत उंदराच्या शेपटीएवढी एक वेणी, रिबिनीसकट; शाळेतली द्वाड पोरं ओढायची ती. त्या पोरांपाशी थांबा. विशेषणं शोधाल तर फारशी सापडणार नाहीत.

कवयित्री हालिना पोश्व्यातोव्स्काचं चरित्र आधी वाचू नका. हृदयाचा आजार, १९५८मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया, १९६७मध्ये दुसरीनंतर बत्तिसाव्या वर्षी मृत्यू, हे कळलं की तिच्या कवितेतलं प्रत्येक हृदय आपण पेशंटचंच समजतो. आणि ती तर ओठ, केस, उघडे खांदे यांबद्दल हावरेपणाने लिहिते.