वीजबिल अचानक वाढले? उपकरणे बदलण्याआधी या चुका टाळा

वीजबिल अवाच्या सवा आले की काही जण ‘मीटर पळतोय’ म्हणून तक्रार करायला धावतात आणि काही जण हाताला लागेल ते उपकरण बदलून टाकतात. त्याआधी करायची तपासणी फार तर तासाभराची असते, पण नेमकी तीच टाळली जाते, आणि हे वारंवार पाहिल्यावर वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

पहिली चूक म्हणजे बिलाची केवळ रक्कम पाहणे. बिलावर वापरलेले युनिट, बिलाचा कालावधी किती दिवसांचा, रीडिंग प्रत्यक्ष घेतले की सरासरीने धरले आणि मागील थकबाकी किती, हे सारे छापलेले असते. घर बंद असल्यामुळे सरासरीने बिले आली असतील, तर पुढच्या प्रत्यक्ष रीडिंगमध्ये मागचा सगळा फरक एकाच बिलावर येतो. जेथे वापर वाढेल तसा युनिटचा दरही वाढतो, तेथे असे साचलेले युनिट एकाच महिन्याच्या स्लॅबमध्ये मोजले गेले तर बिल विनाकारण फुगते. अशा वेळी युनिट महिन्यांमध्ये विभागून मागावेत. मी बिल हाती आल्याबरोबर युनिटना दिवसांनी भागतो आणि तो आकडा गेल्या महिन्याशी नव्हे, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतो. एवढे न करता जे घाबरतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात वापर वाढलेलाच नसतो.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे मोजमाप न करता दोषी ठरवणे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे बिल ऐन थंडीत, एसी बंद असताना, दुप्पट आले. फ्रीज जुना होता, म्हणून दोष त्याचाच असे ठरवून त्यांनी नवा फ्रीज घेतला, आणि पुढचे बिलही तेवढेच आले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो आणि तो एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, तो आकडा शेजारीच छापलेला असतो. हा आकडा 3200 असेल, तर 1125 ला दोन लुकलुकींमधील सेकंदांनी भागावे, म्हणजे त्या क्षणी घरात किती वॉट वीज जात आहे ते कळते. साडेचार सेकंदांचे अंतर म्हणजे 250 वॉट. एवढा भार दिवसरात्र राहिला, तर दिवसाला 6 आणि महिन्याला 180 युनिट होतात.

त्या घरी आम्ही रात्री सर्व दिवे व पंखे बंद केले, फ्रीजचा प्लगही काढला आणि मीटरसमोर थांबलो. काही वेळ दिवा अगदी शांत होता, मग अचानक सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकू लागला, म्हणजे सुमारे 2000 वॉटचा भार सुरू झाला होता. तो चालू असतानाच एकेक एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारी कळ, खाली केला, तेव्हा गिझरचा एमसीबी पडताच लुकलुक थांबली. गिझर चोवीस तास चालू ठेवण्याची त्या घराची सवय जुनीच होती, पण कोणी पाणी घेत नसताना तो इतक्या वेळा का पेटावा? गिझरकडे येणारा गार पाण्याचा कॉक बंद केल्यावर हे पेटणे कितीतरी विरळ झाले. भिंतीच्या आतली गरम पाण्याची नळी झिरपत होती आणि त्या भिंतीवरचा ओलसर डाग सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट लागते. हे पाणी दिवसरात्र तापून भिंतीत मुरत होते.

म्हणून संशय आला की आधी एकेक एमसीबी बंद करून पाहावे. एमसीबीची कळ कोणीही खाली करू शकते. वायरींना हात मात्र इलेक्ट्रिशियननेच लावावा.

एसी 18 अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, तो फक्त जास्त वेळ चालतो. फ्रीजच्या दाराचे रबर सैल झाल्याचा संशय असेल, तर दारात कागद अडकवून ओढावा. सहज निघाला तर रबर बदलावे. प्लगमध्ये लावून बिल निम्मे करणारी पेटी घेऊ नये, कारण घरगुती मीटर सहसा प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतो आणि ते ही पेटी कमी करू शकत नाही. शॉर्टकटवर भरवसा ठेवणाऱ्यांचे पैसे दोनदा जातात, एकदा पेटीवर आणि एकदा बिलावर.

मीटरनंतरचा मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तरच दोष मीटरमध्ये किंवा मेन स्विचच्या आधीच्या जोडणीत असण्याची शक्यता धरावी. त्या स्थितीचा व्हिडिओ आणि तारखेसह रीडिंगचे फोटो जोडून लेखी तक्रार द्यावी, मीटरची चाचणी मागावी आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय परतू नये.