वाढत्या वराहांच्या खाद्यातील ऊर्जा आणि विकरांचा वापर

खाद्यात विकरे, म्हणजेच एन्झाइम, मिसळण्यापूर्वी ऊर्जेचा हिशोब पूर्ण करावा, कारण विकरे ऊर्जा निर्माण करीत नाहीत. दाण्यात आणि पेंडीत जे अडकून पडलेले असते तेवढेच ती मोकळे करतात.

25 ते 50 किलो वजनाच्या वराहासाठी मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यात प्रतिकिलो साधारण 3,300 किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा, म्हणजे विष्ठा, मूत्र आणि वायूतून जाणारी ऊर्जा वजा करून शरीराला मिळणारी ऊर्जा, धरतात. दिवसाला 2 किलो खाणाऱ्या जनावराला त्यातून 6,600 किलोकॅलरी मिळतात. तेवढीच ऊर्जा 3,100 किलोकॅलरीच्या खाद्यातून मिळवायची तर त्याला सुमारे 2.13 किलो खावे लागते. मोठ्या वराहाला हे जमते, परंतु लहान वयात पोटाची क्षमता अपुरी पडते आणि वाढ मंदावते. उलट तेल मिसळून ऊर्जा वाढवली की खाण्याचे प्रमाण घटते, आणि त्याबरोबर पोटात जाणारे लायसिन, म्हणजे मांस घडण्यासाठी लागणारे आवश्यक अमिनो आम्लही घटते. म्हणून या वजनगटात दर 1,000 किलोकॅलरीमागे सुमारे 3 ग्रॅम पचनीय लायसिन राहील असे मिश्रण बसवावे. हे प्रमाण सुटले तर मांसाऐवजी चरबी चढते, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे.

कोंडा किंवा पेंड जास्त असेल तर निव्वळ ऊर्जेचे आकडे वापरणे अधिक योग्य ठरते, कारण तंतुमय पदार्थ आणि जादा प्रथिने यांचा वापर करताना शरीरात बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते, आणि चयापचयी ऊर्जेच्या आकड्यात हा खर्च दिसत नाही.

विकराची निवड कच्च्या मालावरून करावी. गहू आणि गव्हाच्या कोंड्यात अरॅबिनोझायलान हा वराहाला न पचणारा तंतुमय घटक असतो, तेथे तो तोडणारे झायलानेज हे विकर उपयोगी पडते. बार्लीत बीटा-ग्लुकान हा तसाच घटक असतो, त्यासाठी बीटा-ग्लुकानेज लागते. ज्या खाद्यात हे घटक फारसे नाहीत तेथे ही विकरे घालून लाभाची अपेक्षा ठेवू नये. फायटेज या फॉस्फरस मोकळा करणाऱ्या विकराचे काम मात्र जवळजवळ प्रत्येक खाद्यात आहे, कारण धान्य आणि तेलबियांच्या पेंडीतील सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट या वराहाला नीट न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात बांधलेला असतो. प्रतिकिलो खाद्यात 500 युनिट (विकराच्या क्रियाशीलतेचे माप) ही फायटेजची रूढ मात्रा आहे. फायटेज घातल्यावर फॉस्फरससाठी वेगळे मिसळले जाणारे डायकॅल्शियम फॉस्फेट कमी करता येते, परंतु चुनखडी जास्त पडली तर फायटेजचा परिणाम घटतो, म्हणून कॅल्शियमही मोजूनच द्यावे.

गोळी खाद्य तयार करताना तापमान 80 ते 90 अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि साधी विकरे त्यात निष्प्रभ होतात. अशा वेळी उष्णता सहन करणारा प्रकार घ्यावा किंवा गोळ्या थंड झाल्यावर द्रवरूप विकर फवारावे. विकराची भुकटी थोड्या पिठात आधी कालवून मगच मोठ्या ढिगात मिसळावी, आणि साठा कोरड्या, थंड जागी ठेवावा.

उत्पादकाने सांगितलेला ऊर्जेचा लाभ गृहीत धरून तेल कमी करायचे असेल, तर दोन विकरांचे लाभ सरळ बेरीज करून धरू नयेत. दोन्ही अनेकदा त्याच अडकलेल्या पोषकांवर काम करतात. आधी एका गटाला जुने आणि दुसऱ्या गटाला नवे खाद्य चार आठवडे द्यावे, दर आठवड्याला वजने घ्यावीत, आणि गव्हाणीत उरलेले व सांडलेले खाद्यही तोलून वजा करावे.