गावात कार्यक्रम न्यायचाय? मग निघण्याआधी एवढं बघा

नागपूर जिल्ह्यात गावोगावी शेतीचे, महिलांचे, तरुणांचे कार्यक्रम घेणारे पुष्कळ आहेत. रावेचे (कृषी पदवीतल्या ग्रामीण कार्यानुभवाचे) कृषिदूत आणि कृषिकन्या, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, बचत गटांच्या ताई, लहान संस्थांचे कार्यकर्ते. ही तयारीची यादी त्यांच्यासाठी. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. पत्रिकेवर कार्यक्रम तीन असू द्या, पण तयारी करताना डोळ्यांसमोर एक घर ठेवा. पाठीवर फवारणीचा पंप घेणारा बाप, ते कपडे धुणारी माय आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचता येणारी दहावीतली पोरगी एकाच छपराखाली राहतात. तिघांना तीन दिवशी तीन ठिकाणी बसवून तीन भाषणं ऐकवली, तर घरी गेल्यावर एकाचं ऐकलेलं दुसऱ्याला कळत नाही.

पहिलं काम तारखेचं, आणि ती नागपूरच्या ऑफिसात बसून ठरवायची नाही. आपल्या जिल्ह्याचं एकच शेती कॅलेंडर नाही. काटोल-नरखेड-कळमेश्वरकडे संत्रा आणि पऱ्हाटी म्हणजे कापूस, मौदा-रामटेक-पारशिवनीकडे धान, भिवापूर-कुहीकडे मिरची. जुलै-ऑगस्टमध्ये धानपट्ट्यात रोवणी चालू असते. बाया गटानं गुत्ता म्हणजे कामाचा ठेका घेऊन सकाळीच बांधीत उतरतात. त्या दिवसांत दुपारी महिला मेळावा ठेवला, तर समोर फक्त म्हाताऱ्या आणि लहान लेकरं दिसतील. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी, मग कापसाची वेचणी. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबर तुटतो. त्या काळात बगीचेवाल्याचं अर्धं लक्ष व्यापाऱ्याच्या फोनकडे असतं. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मोकळा सोडा. दसऱ्याला गावातले कितीतरी लोक दीक्षाभूमीला येतात, तेव्हाही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. आणि हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत कृषी खात्याच्या किंवा आरोग्य खात्याच्या साहेबांचा शब्द घेऊ नका. त्यांची इच्छा असली तरी ऐनवेळी त्यांना नागपुरातच थांबावं लागतं. निवडणुकीची आचारसंहिता आहे का, तेही बघून घ्या.

मग उरतं काय? उरतं ते भरपूर आहे, फक्त विषय हंगामाशी जुळला पाहिजे. मे महिन्यात वावर रिकामं असतं. मातीचा नमुना घ्यायला आणि घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला हीच वेळ. मात्र पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच या. पोळ्याच्या आगेमागे बोंडअळी. जानेवारीत संक्रांतीचं निमित्त, बाया एरवीही जमतातच. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. हळदीकुंकू नाव ठेवलं की विधवा बाया येत नाहीत, आणि सातबाऱ्यावर नाव लावणं, वारस नोंद, पीक विमा ही माहिती सगळ्यात जास्त त्यांनाच हवी असते. कार्यक्रमाला तिळगूळ मेळावा म्हणा आणि त्यांच्या घरी जाऊन स्वतः बोलावणं द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याकडे ठराव होईल तेव्हा होईल, पण पहिलं वाण एखाद्या शेतकरी विधवेच्या हातून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

तारीख पक्की करण्याआधी एकदा गावात नुसतं जाऊन या. बॅनर नको, फोटो नको. सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटाच, पण तेवढ्यावर परतू नका. अंगणवाडी सेविका, आशाताई, कृषी सहायक, कृषी सखी, शाळेचे गुरुजी आणि कृषी केंद्रवाला यांना गावाची नाडी ठाऊक असते. कुणाच्या घरी नुकतीच मयत झाली, कुठल्या दोन गटांत बोलचाल बंद आहे, कोणत्या विहिरीचं पाणी आटलं, हे त्यांच्याकडून कळतं. गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होत असेल तर तिथं, आणि विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर, दोन्हीकडे निरोप सांगा. एकीकडेच सांगितलं तर अर्ध्या गावाला वाटतं हा आपला कार्यक्रम नव्हे.

जागेचं तसंच. एखाद्या पुढाऱ्याचा वाडा ऐसपैस असेल, पण त्या उंबऱ्यावर सगळे पाय टेकणार नाहीत. जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा सगळ्यांचा. संडास उघडा आहे का, त्यात पाणी आहे का, किल्ली कुणाकडे आहे, हे आदल्या दिवशी बघा. बाया दोन तास बसणार की अर्ध्या तासात उठणार, हे यावर ठरतं. शेवटची एसटी किती वाजता आहे तेही विचारून ठेवा. शेजारच्या गावच्या पोरी येणार असतील तर कार्यक्रम तिच्या आधी अर्धा तास संपवा.

आता विषयांची तयारी. शेतीचं सत्र वावरातच घ्या. शहराजवळ असल्याचा आपल्याला मोठा फायदा आहे. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि तिचं कृषी विज्ञान केंद्र, अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, शिवाय १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय. जनावरांसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तज्ज्ञ मिळतात, पण त्यांना विषय मोघम देऊ नका. ‘कापूस व्यवस्थापन’ एवढंच कळवलं तर स्लाइड येतील. ‘गुलाबी बोंडअळी, डोमकळी ओळखणं, अमुक कास्तकाराच्या वावरात, चाळीस मिनिटं’ असं लेखी कळवा.

पोळ्याच्या सुमाराला लवकर पेरलेल्या पऱ्हाटीला फुलं आलेली असतात. अळी पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते, फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबासारखं दिसतं. हीच डोमकळी. पंधरा-वीस जणांना पऱ्हाटीच्या ओळींतून फिरवा, ज्याला सापडेल त्याला तोडून आणू द्या आणि पांढऱ्या कागदावर त्याच्याच हातानं उघडू द्या. आतली बारीक अळी वळवळताना दिसली की पुढचं सगळं तो कान देऊन ऐकतो. मग मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे दाखवा. हेक्टरी पाच सापळे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार. बोंडं धरल्यावर वीस झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडून फोडायचं. दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, तीच आर्थिक नुकसानीची पातळी. एवढे आकडे कोऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून कृषी केंद्राच्या भिंतीला लावा. छापील पत्रकापेक्षा तो पुठ्ठा जास्त वाचला जातो.

मे महिन्यात जाणार असाल तर पिशवीत गोणपाटाचे तुकडे घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळायचे आणि आठवडाभर सावलीत ओले ठेवायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर पेरणीचं प्रमाण वाढवायचं. हे काम घरच्या बाईकडे किंवा शाळेतल्या पोरांकडे सोपवा. मातीचा नमुना धुऱ्यापासून, झाडाखालून, उकिरड्याजवळून घ्यायचा नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा, नागमोडी चालत आठ-दहा जागा, सगळी माती एकत्र करून शेवटी अर्धा किलो. संत्र्याच्या गावात बोर्डो मलम करून दाखवा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला लावला तर डिंक्याला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला, आळा बसतो. प्लास्टिकची बादली सोबत घ्या, लोखंडी चालत नाही.

कुटुंबाच्या सत्रात दोन विषय मी कधी गाळत नाही. एक, फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून मास्क-हातमोजे वाटप पुष्कळ झालं, पण घरात काय होतं ते कुणी विचारत नाही. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवले जातात, रिकाम्या डब्यात तेल भरलं जातं. म्हणून नवरा-बायको दोघांना शेजारी बसवा, पोरांना रिकाम्या, बंद बाटल्यांची लेबलं दाखवा. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. पोरांना हे पाच मिनिटांत पाठ होतं आणि मग घरी बापाला टोकणारं कुणीतरी तयार होतं.

दुसरा विषय सिकलसेल, आईबापाकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार. विदर्भात तो पुष्कळ घरांत आहे. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, आदिवासीबहुल भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात अपेक्षित आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून बोटातल्या थेंबाची तपासणी ठेवता येते. ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानाची पुढची तपासणी लागते, तिची सोय आधी ठरवा. वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट समजावा. वाहक माणूस धडधाकट असतो, पण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. निकाल माइकवर वाचू नका, यादी भिंतीला लावू नका. बंद पाकीट, आशाताईच्या हातात, एकेका घरी. एखाद्या पोरीचं नाव फुटलं आणि तिचं लग्न मोडलं, तर त्या गावात पुढं कुणी तपासणीला हात देणार नाही, आणि त्यात गावाचा काही दोष नसेल.

तरुणांना मेळाव्याला बोलवत बसू नका, ते असतात तिथं जा. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी दिसतील. धावणं संपल्यावर केळी आणि भिजवलेले चणे घेऊन अर्धा तास बसा. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीनं जाणारे रविवारीच भेटतात. भाषण आवरतं घ्या. आयटीआयचे प्रवेश कधी, कागद कोणते, कलमाची नर्सरी किंवा पंप-मोटार दुरुस्ती शिकायला कुठं जायचं, एवढं त्यांना हवं असतं. आणि खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल, बोलाच. शासकीय दंत महाविद्यालयाला शिबिरासाठी पत्र द्या. ‘खर्रा सोडा’ म्हणण्याआधी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. विशीतल्या पोराची दोनच जातात, तेव्हा तोंड आखडत चाललंय हे त्याला तिथंच कळतं. त्याला चारचौघांत लाजवू नका. बाजूला घेऊन डॉक्टरांची वेळ द्या.

चहा-पोह्याचं काम गावच्या बचत गटाला द्या आणि पैसे त्याच दिवशी चुकते करा. सत्काराला शाल-श्रीफळ नको, त्यात अर्धा तास जातो. लेकरांसाठी सतरंजी, खडू आणि त्यांना सांभाळणारी एक मुलगी ठेवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हे नंबर मोठ्या अक्षरात लिहून न्या. कर्जाच्या ताणात असलेला माणूस सभेत हात वर करत नाही, पण जाता जाता नंबर वाचतो.

शेवटचं कलम खर्चाच्या कागदाचं. बहुतेक अंदाजपत्रकांत एकाच दिवसाचं पेट्रोल धरलेलं असतं. निदान तीन फेऱ्यांचं धरा: आधीची एक, कार्यक्रमाची एक, नंतरची एक. सापळ्यातला लूर (गंधाची गोळी) तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो, बोंडं फोडून बघायची वेळ नंतरच येते, मातीचा अहवाल वाचून दाखवावा लागतो, सिकलसेलची पाकिटं पोहोचली का ते विचारावं लागतं. नंतरच्या फेरीची तारीख कार्यक्रमाच्या दिवशीच शाळेच्या फळ्यावर लिहा, आणि खाली तुमच्यातलं कोण येणार त्याचं नाव.