तीन बाजूंपासून त्रिकोण होतो का? तपासताना या चुका टाळा

कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असली पाहिजे, एवढाच नियम. ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या भूमितीग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातले हे विसावे विधान. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी त्याची थट्टा करत, असे युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस याने नोंदवले आहे: यात सिद्ध काय करायचे, भुकेले गाढवसुद्धा गवताकडे सरळ रेषेत जाते! गाढवाचे चुकत नाही हे खरे, पण त्याला कोणी आकडे देत नाही. आकडे हाती आले की पुढच्या चुका होतात.

पहिल्या दोन बाजू मिळवून मोकळे होणे

बाजू ८, ३, ४ दिल्या. ८ + ३ = ११, ११ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून 'त्रिकोण होतो'. चूक. ३ + ४ = ७ आणि ७ हे ८ पेक्षा लहान. नियमातला 'कोणत्याही' हा शब्द इथे गळाला. तीनही बेरजा करायचा कंटाळा असेल तर आधी सर्वांत मोठी बाजू ओळखा आणि उरलेल्या दोघींची बेरीज तिच्याशी ताडून पाहा. बाकीच्या दोन तपासण्या आपोआप खऱ्या ठरतात, कारण मोठी बाजू एकटीच इतर प्रत्येकीएवढी किंवा जास्त असते.

बरोबरी चालवून घेणे

५, ७, १२ यांपासून त्रिकोण होत नाही; ५ आणि ७ सेमीच्या बाजू १२ सेमीच्या रेषेवर सपाट झोपतात. तरीही वहीत पुष्कळदा छानसा त्रिकोण निघतो आणि मग नियमावरच शंका येते. दोष कंपासचा असतो. त्यातली पेन्सिल सैल असून ५ ऐवजी ५.१ सेमी अंतर घेतले गेले, तर त्या एका मिलिमीटरमुळे जवळजवळ पाऊण सेंटिमीटर उंचीचा त्रिकोण तयार होतो. सपाट त्रिकोणात बाजूतली किंचित चूक उंचीत अशी फुगून दिसते. म्हणून अशा वेळी आकृतीवर नव्हे, बेरजेवर विश्वास ठेवा.

उलट अडचणही येते. ३, ५, ९ घेऊन ९ सेमीचा पाया काढला तर दोन कंसांत १ सेमीची फट राहते, त्रिकोण नाही हे लगेच कळते. पण पाया ३ सेमीचा घेतला तर ५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ ९ सेमीच्या वर्तुळाच्या पोटात बसते आणि दोघे कुठेच भेटत नाहीत. विद्यार्थ्याला वाटते कंपास सरकला. रचना करताना पाया नेहमी सर्वांत मोठ्या बाजूचा घ्या.

पायथागोरस मध्येच आणणे

४, ५, ६ साठी १६ + २५ = ४१, ते ३६ नाही, 'म्हणून त्रिकोण नाही'. वर्गांची तपासणी काटकोन आहे का हे सांगते. त्रिकोण आहे का, हे नाही. इथे त्रिकोण होतो, फक्त काटकोन त्रिकोण होत नाही. वर्गमुळांत हीच गल्लत वेगळ्या रूपात येते: √२ + √३ = √५ असे मानून √२, √३, √५ नाकारतात. प्रत्यक्षात १.४१४ + १.७३२ = ३.१४६ आणि √५ सुमारे २.२३६, म्हणजे त्रिकोण होतो, तोही काटकोन.

फूट-इंच दशांशात लिहिणे

प्लॉट मोजताना ही चूक सर्रास होते. बाजू १२ फूट ९ इंच, १८ फूट ६ इंच, ३१ फूट ३ इंच. १२.९ + १८.६ = ३१.५, ते ३१.३ पेक्षा जास्त, म्हणून प्लॉट त्रिकोणी! पण फुटात १२ इंच असतात. ९ इंच म्हणजे ०.७५ फूट. खरी बेरीज १२.७५ + १८.५ = ३१.२५, नेमकी तिसऱ्या बाजूएवढी. क्षेत्रफळ शून्य. असा प्लॉट असू शकत नाही, तेव्हा टेप पुन्हा लावा.

तिसरी बाजू किंवा क्ष काढताना

६ आणि १० दिल्यास तिसरी बाजू ४ पेक्षा मोठी, १६ पेक्षा लहान. टोके धरायची नाहीत. पूर्णांक ५ ते १५, म्हणजे ११. समद्विभुज त्रिकोणाच्या दोन बाजू ४ आणि ९ असतील तर परिमिती १७ नव्हे, २२; कारण ४, ४, ९ हा त्रिकोणच नाही.

बाजू क्ष + २, २क्ष आणि ९ असतील तर मोठी कोणती हे आधी ठरत नाही. इथे तीनही असमानता लिहाव्याच लागतात. पहिलीतून (क्ष + २ आणि २क्ष यांची बेरीज ९ पेक्षा जास्त) क्ष > ७/३, दुसरीतून (क्ष + २ आणि ९ यांची बेरीज २क्ष पेक्षा जास्त) क्ष < ११. तिसरीतून (२क्ष आणि ९ यांची बेरीज क्ष + २ पेक्षा जास्त) क्ष > −७, ती निरुपयोगी. दुसरी विसरली की वरची मर्यादाच हरवते.

प्रोग्रॅममध्ये

पायथॉन या संगणकभाषेत ०.१, ०.२, ०.३ तपासल्यास उत्तर 'होतो' येते, कारण तिथे ०.१ + ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ निघते. मापे मिलिमीटरसारख्या पूर्णांकात घ्या. पण जावासारख्या भाषेतल्या ३२ बिटच्या पूर्णांकात (त्यात सुमारे २१४ कोटींपर्यंतच आकडा मावतो) दोनशे कोटीच्या दोन बाजू मिळवल्या तर बेरीज ऋण होते. बाजू धन आहेत हे आधी तपासा, चढत्या क्रमाने लावा आणि बेरजेऐवजी वजाबाकी करा: मोठी वजा मधली ही लहानीपेक्षा कमी हवी.